शेवटचं व्हेरिएशन

मद्रासमधल्या वेस्ट मांबलमच्या त्या दोन खोल्यांत पियानो कसाबसा मावला होता. तो विशालाक्षीचा. तंजावरच्या मराठी घरातली ही मुलगी कॉन्व्हेंटमधल्या एका आयरिश सिस्टरकडे पियानो शिकली आणि लग्नानंतर आसपासच्या मुलींना शिकवू लागली. नवरा राघोत्तम रेल्वेच्या कचेरीत होता. मूलबाळ नव्हतं.

स्वतःपुरती मात्र ती एकच रचना वाजवी, एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन संगीतकाराची व्हेरिएशन्स. आधी एक साधी, उदास चाल. मग तीच चाल कधी चिडलेली, कधी प्रार्थनेसारखी, आणि शेवटी वादळासारखी सुटलेली. वीस वर्षं तिने ती घोटली होती.

एकोणीसशे एकसष्ट साली तिच्या डाव्या हाताची बोटं आखडू लागली. संधिवात आहे, वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"विशाला, आत्ताच रेकॉर्ड करून ठेवू," राघोत्तम म्हणाला.

तंजावरला तिच्या शेजारी वाढलेला व्यासराज कोडंबाक्कमच्या एका सिनेमा स्टुडिओत ध्वनिमुद्रक होता. त्याने एका रविवारी स्टुडिओ मिळवून दिला. आवाज नको म्हणून पंखे बंद. मे महिन्यातला घाम पट्ट्यांवर ठिबकत होता. सगळी व्हेरिएशन्स नीट उतरली. शेवटच्यात डावा हात अडकला. पुन्हा वाजवलं, पुन्हा अडकला. मग बोटं उघडेचनात.

"अक्का, राहू दे," व्यासराज हळूच म्हणाला. "पेरंबूरचा एक वादक येतो आमच्याकडे. शेवटचं तेवढं तो वाजवील. मी टेप अशी जोडतो, कुणाला कळायचं नाही."

तिने उजव्या हाताने पियानोचं झाकण लावलं. मग म्हणाली, "जोड."

घरी तिने राघोत्तमला काहीच सांगितलं नाही. त्याने मोठ्या हौसेने टी. नगरच्या संगीत मंडळात ती टेप ऐकवायचं ठरवलं. टेप संपली तशा टाळ्या पडल्या. कृष्णस्वामी वकील मुद्दाम उठून तिच्याजवळ आले.

"बाकीचं चांगलंच आहे हो, पण शेवटी तुमचा हात खरा मोकळा झाला!"

"ते मी वाजवलं नाही," विशालाक्षी म्हणाली.

सगळे हसले. काय हा विनय! राघोत्तमही हसला, मग तिचा चेहरा पाहून टेप आवरायला लागला.

बसथांब्यावर तो म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

"तुम्ही इतके खूश होता."

दुसऱ्या दिवशी तिने व्यासराजला गाठलं. "शेवटचं कापून टाक. माझं आहे तेवढंच ठेव."

"अर्धवट वाटेल, अक्का."

"वाटू दे."

त्याने कापलं. पुढे मंडळाने वार्षिक सभेसाठी टेप मागितली. शेवटचं व्हेरिएशन त्यात नाही, असं विशालाक्षीने कळवलं, तेव्हा 'मग पुढच्या वर्षी बघू' असा निरोप आला. पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही.

तोवर तिच्या डाव्या हाताची मूठ वळली होती. शिकायला येणाऱ्या मुली एकेक करून दुसरीकडे गेल्या, आणि पियानो एका शाळेला देऊन टाकला. संध्याकाळी राघोत्तम कोमट तेलाने तिची बोटं चोळत बसे. ती सैल होत नसत, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी ती हात पुढे करी.