डुकराचं गाणं

ईना फ्लेट आमच्या बँडची ड्रमवाली. दिवसभर आमच्या बकी गावच्या बंदरावर मासे कापायची नोकरी, संध्याकाळी चर्चमागच्या खोलीत आमच्याबरोबर धडाधड. जीभ भलती तिखट, पण पाण्याला अशी भ्यायची की जन्मात नावेत पाय टाकला नव्हता. आमच्या पहिल्या गाण्याचं सिंगल निघालं, त्याला ‘डुक्कर’ हे नाव तिनंच दिलं. आमच्याकडे दर्यावर जाणारी माणसं हा शब्द उच्चारत नाहीत, ‘वाकडशेपट्या’ म्हणतात. कुणाच्या तोंडून गेलाच तर लगेच गार लोखंड धरायचं, नाहीतर समुद्र कुणाला तरी ठेवून घेतो. ईनाला याचं हसू यायचं. मलाही यायचं, खोटं कशाला बोलू.

गाणं रेडिओवर लागणार होतं त्या दुपारी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात जमलो. निवेदकानं नाव घेतलं मात्र, तिच्या आईनं हातातली सुरी टाकून शेगडीचा लोखंडी दांडा गच्च धरला.

"अगं कार्टे, तुझ्या बाबाच्या नावेत रेडिओ चालू असतो ना!"

बाहेर वारा उठला होता. ईनाचा बाप विली, डॉड नावाच्या गड्याला घेऊन शेवंडं पकडायला समुद्रात टाकलेले पिंजरे उचलायला गेला होता. ईना पांढरीफटक पडली. स्वतःचाच ड्रम तिला ऐकवेना.

आम्ही धक्क्यावर धावलो. एकेक नाव आत येत होती, विलीची तेवढी दिसत नव्हती. "मीच मारलं त्याला," ईना पुटपुटत होती. मी गुपचूप धक्क्यावरची लोखंडी कडी धरून उभा राहिलो.

अंधार पडायच्या आत नाव आली. ती बांधायच्या आधीच डॉडनं वर उडी मारली.

"रेडिओ बंद करायला गेलो तर हा माझाच हात धरतो! म्हणे, पोरगी वाजवतेय! तुम्ही घरात वाकडशेपट्या पाळा नि खुशाल बुडा. मी नाही येणार परत!"

विली शिडी चढून आला. ईना त्याच्या गळ्यात पडून हमसून रडली.

"वाजवतेस मात्र झकास," तो म्हणाला.

मग बकीत त्याच्याबरोबर जायला कुणी तयार होईना. आठवडाभर नाव बांधून होती. शेवटी तो एकटाच निघाला. सुकाणू सांभाळायचं की पिंजरे ओढायचे, एकट्यानं काय काय करणार? एवढ्यात बापाचाच जुना रेनकोट घालून ईना आली. नावेवर बाई, म्हणजे म्हाताऱ्यांच्या मते आणखी एक अपशकुन. ते तिच्याकडे बघून तोंड फिरवत होते. एकेक पायरी दोन्ही हातांनी गच्च धरत ती शिडी उतरून नावेत आली.

"घाबरलीस?" विलीनं विचारलं.

"खूप."

"मी पण," तो म्हणाला, आणि त्यानं दोर सोडला.