अण्णांचा मुक्काम आणि साताऱ्याची जीप

माझ्या वडिलांना एका ढेकरेसाठी तीन दिवस हॉस्पिटलात ठेवण्याचा पराक्रम माझ्या नावावर आहे. अण्णांना जाऊन आता वर्ष होईल (वयानं गेले, घरी, झोपेत), तेव्हा कुठे हे लिहायचा धीर होतोय.

नेरूळच्या घरी सहा बटाटेवडे खाऊन अण्णांनी छाती चोळली. मी आरोग्यावरची पुस्तकं वाचणारा माणूस! त्यांना ढेकर येईपर्यंत मी त्यांना अ‍ॅडमिट करून, नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘अण्णा सिरियस’ असं टाकूनही मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “साधी अ‍ॅसिडिटी होती. घरी न्या.”

“आजचा दिवस ठेवता नाही का येणार?”

“कशासाठी?”

“साताऱ्याहून पाहुणे यायचेत.”

डॉक्टरांना काय कळणार! आमच्यात आजारी माणूस दवाखान्यातच बघायचा असतो. तो घरी चहा पिताना सापडला, तर सात माणसांनी जीप करून काय कपबशी बघायला यायचं? जन्मभराची नाचक्की! मी ‘अजून जळजळतंय त्यांना’ अशी थाप मारून एक दिवस मिळवला. तर नेमकी अमावास्या निघाली!

आत्याचा फोन आला, “उद्याच्याला निघतो. तवर दादाला हलवू नगंस!”

आणखी एक दिवस, आणखी एक थाप.

“आरं, मला घरी ने,” अण्णा करवादले. “ही पांचट खिचडी किती दिवस गिळू?”

“आत्या आली की दोन मिनिटं कण्हा, अण्णा. मग लगेच घरी.”

तिसऱ्या दिवशी जीप आली. खाली जाऊन पाहुण्यांचे पास काढले, ते वॉचमनकडे दिले आणि कुणाला भेटायच्या आत मी धावत वर आलो, तर बेड रिकामा!

“बाबा पँट घालून रिक्षानं घरी गेले,” सिस्टर म्हणाल्या.

लिफ्टच्या दारातून आत्याचा हुंदका ऐकू आला. मी बेडवर आडवा झालो आणि कपाळापर्यंत चादर ओढली. (टक्कल आमच्या घराण्यात सगळ्यांचं सारखंच.)

आत्यानं त्यावरून हात फिरवला. “दादा, किती वाळलास रं!”

मी कण्हलो.

“आन् तुझं पोरगं कुठाय? बसलं असंल पुस्तकात तोंड खुपसून! एवढं शिकलं, पन बापाच्या काय कामाचं?”

आता मी मनापासून कण्हलो.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अण्णांचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला, “तारे, मी घरी हाय! चहा टाकलाय, या समदी!”

चादर उडाली. त्याच क्षणी डॉक्टर राउंडला आले.

“यांना काय झालंय?”

“डोक्यात बिघाड हाय ह्याच्या,” आत्या कडाडली. “ठेवून घ्या ह्याला, डाक्टर!”

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“नको, मावशी. पेशंट सुधारण्यासारखा असेल, तरच आम्ही बेड देतो.”