खणातला नंबर

नारायण पेठेत एक बाई टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवतात. तिथलं मशीन अखंड खडखडत असतं. ते कुणासाठीही बंद होत नाही, गिऱ्हाइकानं ओरडून बोलायचं.

माझी पहिली कादंबरी त्यांनीच टाइप केली. ती प्रकाशकांपर्यंत नेणाऱ्या एजंटला पाठवायचं पत्र मी त्यांना सांगत होतो.

"माझ्या सगळ्या मित्रांना कादंबरी फार आवडली..."

बाईंची बोटं थांबली. "मित्र छापणार आहेत का?"

वाक्य गेलं. माझं बालपण गेलं, सासऱ्यांची ओळखही गेली. आठ ओळी उरल्या. वर त्यांनी एजंटचा नंबर माझ्या मोबाइलमधून पुसायला लावला आणि चिठ्ठीवर लिहून खणात टाकला.

"तीन महिने फोन करायचा नाही. त्यांना वाचू द्या."

मी दर आठवड्याला उगाच आधार कार्डाची झेरॉक्स काढायला जायचो. त्या मान वर न करता म्हणायच्या, "अजून नाही."

आज सकाळी एजंटची मेल आली! कादंबरी आवडली, लगेच फोन करा. मी घरातल्या चपलांवरच धावत सुटलो. बाईंनी मेल दोनदा वाचली आणि खण उघडला.

"इथूनच करा. आणि आधी त्यांना बोलू द्या."

पलीकडे रिंग वाजायला लागली. बाईंनी हात लांब करून मशीन बंद केलं. रांगेतले एक गृहस्थ कुरकुरले, "अहो, माझी चारच पानं राहिलीत."

"थांबा जरा," बाई कडाडल्या. "आमच्या कादंबरीचा फोन चालू आहे."