एलायझा रिअॅक्टिव्ह

हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि शिरूरच्या डॉक्टरांनी आमच्या मालकांच्या रक्ताचा कागद पुढे सरकवला. एलायझा रिअॅक्टिव्ह. एलायझा ही एचआयव्हीची, म्हणजे एड्सच्या विषाणूची, पहिली तपासणी; रिअॅक्टिव्ह म्हणजे तीत खूण दिसली.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ती सुईची रिअॅक्शन वाटली. “ताक पाज त्याला, उतरंल,” म्हणाल्या. मी काय डोंबल समजावणार?

डॉक्टर म्हणाले, “नुसत्या या रिपोर्टवर काही ठरत नाही. आधी शक्यता किती होती, तेही धरावं लागतं.” आम्ही दौंडकडच्या माळावरची धनगर माणसं, हे त्यांना ठाऊक होतं. “कुत्रं भुंकलं म्हणजे लांडगा आलाच का? जिथं लांडगे फिरतात तिथं बहुतेक लांडगाच. जिथं कधी दिसलाच नाही, तिथं मांजरही असेल. भुंकणं तेच.” मग त्यांनी मालकांना हळूच विचारलं, “बाहेर कुठं बाईकडं जाणं-येणं?”

“न्हाई साहेब.”

मालक सणसवाडीच्या कारखान्यात कामाला. तिथंच खोली करून राहायचे, सुट्टीला घरी यायचे. मधल्या दिवसांचं मला काय माहीत? डॉक्टरांचा सगळा हिशेब त्या एका ‘न्हाई’वर उभा होता.

रक्त पुण्याला गेलं, वेस्टर्न ब्लॉटसाठी. ही तपासणी तेच जास्त बारकाईनं बघते. तोवर जीव टांगणीला. मालकांना वाढताना हात थांबायचा, मग माझाच मला राग यायचा. देवाकडे काय मागावं तेही कळेना.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पहिल्याच कागदावर त्यांनी आमचा निकाल लावला नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुसरी तपासणी होईपर्यंत धीर धरा, विहीर जवळ करू नका.

परतताना एसटीत मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी न्हाई म्हणलो, तवा तुला खरं वाटलं का गं?”

“व्हय,” मी म्हणाले.

ते ढसाढसा रडले. मी त्यांचा हात धरून बसले. रक्तात काही नाही, एवढंच त्या कागदानं सांगितलं होतं. ‘व्हय’ म्हटल्यावर बाकीचं, त्या मधल्या दिवसांचं, विचारायला आता मला तोंडच उरलं नव्हतं.