टीव्ही दाराशी आणला तेव्हा

लकवा झाल्यावर बाबांची वाचा गेली. दार लावलं की ते घाबरे व्हायचे, म्हणून त्यांची खाट दाराजवळ ठेवली आणि दार दिवसभर सताड उघडं. टीव्हीची भिंत बरोबर त्या दारासमोर. जुना टीव्ही बंद पडला आणि त्यांना गल्लीशिवाय बघायला काही उरलं नाही.

नवा निवडायचं काम माझ्यावर आलं. घरात कॉलेज शिकलेली मी एकटीच. म्हसावदहून रोज एसटीनं शहाद्याला जाऊन मी बी.ए. झाले, ते माय-बाबांच्या मजुरीवर. निवड चुकू नये म्हणून आठवडाभर मोबाइलवर वाचत होते.

शहाद्याच्या दुकानात त्रेचाळीस इंची एचडी टीव्हीवर मोराचं पीस न् पीस वेगळं दिसत होतं. "हाच पॅक करा," मी म्हटलं.

माय पुढे झाली. "भाऊ, हाऊ दारजोडे उजेडमा आन बरं. आमनं दार दिनभर उघडं ऱ्हास."

मायनं आजवर लुगडंसुद्धा दुकानातल्या दिव्याखाली पसंत केलेलं नाही. दाराशी नेऊन, उजेडात धरून रंग बघायचा, मगच घ्यायचं.

दुकानदार हसला. "मावशी, टीव्ही शे हाऊ, लुगडं नही!"

"धुईसन बी देखी ल्या, रंग जास का ते!" शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं.

माझे कान तापले. "माय, ऱ्हाऊ दे ना. मी समदं वाचेल शे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुले नही दिखनं ते तू बोलशी. तुना बाबासले नही दिखनं ते त्या कोनले सांगतीन?"

"आणा दाराशी," मी दुकानदाराला म्हटलं.

दुकानातल्या दोघांनी कुरकुरत टीव्ही उचलला, लांब वायर जोडली. चालू केला तर मोर दिसेना. काळ्या काचेत मी, माय आणि रस्त्यावरून चाललेली उसाची ट्रॉली. आवाज तेवढा येत होता. आता कोणी हसलं नाही. हाच मी घरी नेणार होते.

दुसराही तसाच. तिसरा बत्तीस इंची, पडद्याला चकाकी नाही. चित्र जरा फिकं, पण दिसत होतं.

"ल्हान पडी, ताई," दुकानदार म्हणाला.

"पडू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचा माणूस टीव्ही भिंतीवर बसवून गेला. दार उघडंच होतं, ऊन पार आतपर्यंत आलेलं. मी क्रिकेटचा सामना लावला. माय टीव्हीकडे पाठ करून खाटेपाशी उभी राहिली आणि बाबांच्या डोळ्यांकडे बघत राहिली. ते डोळे गल्लीतच होते. एक षटक गेलं, दुसरं गेलं. मग सामन्यातल्या प्रेक्षकांचा आवाज चढला तशी त्यांनी मान हळूच टीव्हीकडे वळवली. कोणीतरी चेंडू उंच टोलवला होता. बाबांची नजर त्याच्यामागे वर गेली, आणि खाली आली.

माय तिथेच फरशीवर बसली.