जागृत ठिकाणचं गरम पाणी

दूध गॅसवर ठेवून वाचायला बसलात ना? उठा, आधी बंद करून या. मी सांगते आणि नात टाइप करते. तुम्ही येईपर्यंत तिलाही तेवढाच विसावा.

किल्लारीचा भूकंप होऊन वर्षही झालं नव्हतं. जमिनीवरचा भरवसाच उडाला होता. नेमकं तेव्हाच माझ्या लताला अडावदचं स्थळ आलं. मुलगा चांगला, केळीचा बाग. पण तिथून जवळ, उनपदेवला, जमिनीतून बारा महिने गरम पाणी निघतं. विस्तवावाचून पाणी तापतं का? म्हटलं, घर मागाहून, आधी ते पाणी बघू.

धुळ्याहून एस.टी.नं निघालो. मी, लता आणि माझा भाचा वसंता, भूगोलाचा मास्तर. शेतातून काळ्या दगडाची लांबच लांब भिंत गेलेली दिसली. देवाचं काम समजून मी हात जोडले.

"मावशी, ती कुणी बांधली नाही," वसंता म्हणाला. "जमिनीला भेग पडली, तिच्यात लाव्हा शिरून गोठला. बाजूचं झिजलं, भिंत राहिली."

"म्हणजे आग इथवर आली होती?"

"आपला बहुतेक सगळा खानदेश त्याच काळ्या दगडावर बसलाय."

मी पाय सीटवर घेतले.

अमळनेरला बस बदलली. तुम्ही गेलात तर इथेच जेवून घ्या. शेवभाजी झणझणीत, पण वसंता जेवू देईल तर ना! म्हणे, एक ज्वालामुखी उंच, टोकदार. फुटला की राखेचे ढग, विषारी वायू, उतारावरून चिखलाचे लोट. दुसरा पसरट, त्याचा लाव्हा पातळ पिठल्यासारखा वाहतो. आपल्याकडे तर जमीनच उभी फाटली होती. लाव्ह्याचा फेस गोठला की असा हलका दगड होतो, पाण्यावर तरंगतो.

"आणि अवस्था तीन," तो म्हणाला. "मृत, निद्रिस्त, जागृत. जागृत म्हणजे कधीही फुटेल."

मी ताट बाजूला सारलं.

तापी ओलांडून चोपडा, मग अडावद. पुढे मुलाकडची बैलगाडी. उनपदेवच्या कुंडाशी मुलाची आई, गोदाक्का, उभ्या होत्या. लता दगडी गोमुखाखाली जाऊन बसली. पाण्याला वाफ.

गोदाक्का हात जोडून म्हणाल्या, "अक्का, हाई ठिकाण भलतं जागृत शे."

जागृत! मी लुगड्यानिशी कुंडात उतरले, लताचा दंड धरला. "निंघ बाहेर! पळा बठ्ठा!"

बठ्ठा म्हणजे सगळे; धुणं धुणाऱ्या बायाही पळाल्या. एकीच्या हातात साबण तसाच.

"काय व्हयनं? साप शे का?" गोदाक्का ओरडल्या.

वसंता पोट धरून हसला. "मावशी, देव जागृत! आपले ज्वालामुखी केव्हाच मेले. हे पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापून वर येतं."

"म्हणजे खाली ऊन, गरम शेच ना?" मी विचारलं.

मास्तर चपला शोधू लागला.

लता निथळत उभी होती. हळूच म्हणाली, "आई, किल्लारीला कुठे ज्वालामुखी होता? कुठेही दिलंस तरी पायाखाली जमीनच असणार. मला इथे यायचंय."

मी गोदाक्कांना म्हटलं, "लेक दिली. पण पाणी जास्त तापलं तर पहिला निरोप मला."

धुळ्याला परतले, लग्न झालं, लताची पोरंही मोठी झाली. भीती तेवढी माझ्याकडेच राहिली. फोनवर "सगळं ठीक" कुणीही म्हणतं. म्हणून लता, हे वाचत असशील तर एस.टी.नं भरताची वांगी पाठवत जा. वांगी नसली तर मेथीची जुडी. केळीचे वेफर्स नकोत, ते महिनाभर टिकतात, त्यावरून आजचं काय कळणार? मला त्याच सकाळी तुझ्या शेतात तोडलेलं हवं.