तात्यांनी बसवलेला व्हॉल्व्ह

माझ्या गिटारच्या अँपचा आवाज गुळमट होता. तो बदलला निमगाव केतकीच्या तात्यांनी. लग्नातले कर्णे आणि जुने रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी अँपमध्ये एक जादा व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असते तशी काचेची नळी, बसवला आणि मला समजावलं, "पहिल्या व्हॉल्व्हनं वाढवलेला आवाज दुसऱ्यात सोडायचा, मावणार न्हाय एवढा. मावला न्हाय की त्याचा शेंडा छाटला जातो. तीच तुला पायजे ती करकर. पर आधी जाड आवाज काढून टाकायचा, उसाच्या रसावरची मळी काढतो तसा. न्हायतर सगळा गाळ हुतो."

बारामतीच्या कार्यक्रमात अँप असा गरजला की पुण्याहून आलेला एक गिटारवाला मुद्दाम भेटायला आला. "हे काम कुणाचं?"

तात्या शेजारीच वायर गुंडाळत होते. फ्यूज उडाला तर जवळ असावं म्हणून ते आपणहून आले होते. त्यांच्या मळक्या टोपीकडं बघून खरं सांगायला माझी जीभ रेटेना.

"मुंबईहून करून आणलंय," मी म्हणालो.

"आणि हे?" त्यानं तात्यांकडं बघत विचारलं.

माझ्या हलकट तोंडातून निघालं, "आमचे ड्रायव्हर."

तात्यांनी मान वर केली नाही.

परतताना गाडी मीच चालवत होतो. तात्यांना सायकलपलीकडं काही चालवता येत नव्हतं. तापलेला व्हॉल्व्ह हादऱ्यानं जातो, म्हणून त्यांनी अँप मांडीवर घेतला होता. मी माफीसाठी शब्द शोधत होतो, तेवढ्यात पिंपळीजवळ खड्डा लागला. मला कायम अरेतुरे करणारे तात्या म्हणाले, "जरा हळू घ्या, ड्रायव्हर."